घरच्या संगणकावर समांतर सी प्रोग्रॅमिंग: कंपायलरची स्थापना आणि पडताळणी

विदर्भातील तालुक्याच्या गावांतून सी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली ओळख बहुधा टर्बो सीच्या निळ्या पडद्याशी होते. हा कंपायलर १९८७ साली आला, तो डॉससाठी लिहिलेला आणि १६ बिटांचा आहे, आणि त्यातून तयार होणारा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे गणना करणाऱ्या एकाच भागावर, चालतो. आज सीताबर्डीच्या बाजारातून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपमध्येही निदान दोन कोअर असतात, आणि साध्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये त्यांपैकी एक रिकामाच बसून राहतो. त्या सर्व कोअरना एकाच कामाला लावण्याची सर्वांत सोपी सोय म्हणजे ओपनएमपी; तिच्यात 'हे काम कोअरमध्ये वाटून दे' अशी सूचना प्रोग्रॅममध्येच कंपायलरसाठी लिहायची असते. तिचे पहिले मानक १९९७ साली फोरट्रानसाठी आणि १९९८ साली सी व सी++साठी प्रसिद्ध झाले. जीसीसी या मोफत कंपायलरमध्ये ती २००७ सालच्या ४.२ आवृत्तीपासून अंगभूत आहे, म्हणजे आज उतरवून घेतलेली कोणतीही जीसीसी या कामाला पुरेशी ठरते.

कंपायलर बसवणे अवघड नाही, पण तो खरोखर समांतर काम करतो की नाही हे ओळखणे अवघड आहे. ओपनएमपीचे पर्याय चालू न करता प्रोग्रॅम कंपाइल केला, तर कंपायलर त्यातील समांतरतेच्या सूचना निमूटपणे वगळतो. प्रोग्रॅम चालतो, उत्तरही बरोबर येते, फक्त सगळे काम एकाच कोअरवर होते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. याच कारणाने पुढे प्रत्येक टप्प्यासोबत त्याची तपासणीही दिली आहे, आणि ती केल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

लेखातील सर्व आज्ञा आणि प्रोग्रॅमच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा देण्याच्या खिडकीत) किंवा प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप कराव्यात. मोठे अक्षर लागेल तिथे तसे सांगितले आहे.

आधी यंत्र पाहून घ्यावे

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स विभागात सीपीयूवर क्लिक केले की 'कोअर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' असे दोन आकडे दिसतात. लिनक्सवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा हीच माहिती देते. दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवावा, कारण पुढे वेळ मोजताना त्याचा उपयोग होणार आहे. उदाहरणार्थ, जुन्या लॅपटॉपमध्ये नेहमी आढळणाऱ्या आय५-५२००यू या इंटेल प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष कोअर दोनच आहेत, पण प्रत्येक कोअर दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) सांभाळत असल्यामुळे लॉजिकल प्रोसेसर चार दिसतात. अशा यंत्रावर चौपट वेगाची अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

यंत्रावर अजून विंडोज ७ असेल, तर त्यावर नवा कंपायलर बसवण्याची खटपट करण्याऐवजी लिनक्स मिंट किंवा लुबुंटूसारखी हलकी लिनक्स प्रणाली घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एमसिस२ ही पुढे सांगितलेली, विंडोजवर जीसीसी बसवण्याची सोय विंडोज १० किंवा त्यापुढच्या ६४ बिटांच्या प्रणालीवरच चालते.

लिनक्सवर

उबुंटू, मिंट किंवा डेबियनवर दोन आज्ञा पुरतात. पहिली पॅकेजांची यादी ताजी करते आणि दुसरी कंपायलर बसवते:

सुडो ऍप्ट अपडेट
सुडो ऍप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल

ओपनएमपीला लागणारी लिबगॉम्प ही लायब्ररी जीसीसीबरोबरच येते, ती वेगळी घ्यावी लागत नाही. शेवटी 'जीसीसी --व्हर्जन' ही आज्ञा द्यावी; आवृत्तीचा क्रमांक छापला गेला म्हणजे कंपायलर बसला.

गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाच्या मर्यादित डेटात हे सगळे उतरवणे परवडत नसेल, तर ज्याच्याकडे तालुक्याला चांगले नेट आहे अशा कोणाकडून पॅकेजे पेन ड्राइव्हवर आणता येतात. त्यासाठी त्याच आवृत्तीची लिनक्स असलेल्या दुसऱ्या संगणकावर 'सुडो ऍप्ट-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली बिल्ड-इसेन्शियल' अशी आज्ञा द्यावी. उतरलेल्या डेब फायली व्हार, कॅश, ऍप्ट, आर्काइव्ह्ज या एकात एक असलेल्या फोल्डरमध्ये सापडतात. मात्र ज्या संगणकावर हे पॅकेज आधीच बसलेले आहे तिथे ही युक्ती चालत नाही, कारण ऍप्टच्या दृष्टीने उतरवण्यासारखे काही उरलेलेच नसते. फायली घरी आणल्यावर त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'सुडो डीपीकेजी -आय *.डेब' म्हटले की काम होते.

पॅकेजे बसत असतानाच वीज गेली, तर पुढच्या वेळी ऍप्ट काहीही बसवण्यास नकार देतो आणि डीपीकेजी मध्येच थांबल्याचा संदेश दाखवतो. तेव्हा 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही एक आज्ञा दिल्याने अर्धवट राहिलेले काम पूर्ण होते. सगळे पुन्हा उतरवण्याची गरज नसते.

विंडोजवर

विंडोजवर दोन मार्ग आहेत. यंत्रात आठ जीबी किंवा अधिक रॅम असेल आणि डेटाची चणचण नसेल, तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय, हा मार्ग चांगला. पॉवरशेल ऍडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल' अशी आज्ञा द्यावी, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि उबुंटूसाठी वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड ठरवून झाल्यावर वर दिलेल्या लिनक्सच्या पायऱ्या तशाच्या तशा कराव्यात. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असेल तर ते आधी चालू करावे लागते.

चार जीबी रॅमच्या यंत्रावर मी एमसिस२ सुचवीन. तिचा इन्स्टॉलर तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि पत्ता न बदलता सी ड्राइव्हमधील एमसिस६४ या फोल्डरमध्येच बसू द्यावा. बसल्यानंतर स्टार्ट मेनूमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या अनेक नोंदी येतात आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. आपल्याला यूसीआरटी६४ असे नाव असलेली खिडकी हवी. नुसत्या एमसिस नावाच्या खिडकीत बसवलेला कंपायलर वेगळ्या जातीचा असतो आणि त्याचे प्रोग्रॅम एमसिसच्या आधाराशिवाय चालत नाहीत. योग्य खिडकी उघडून पुढील आज्ञा द्याव्यात. पहिल्या आज्ञेत एस मोठा आहे, वाय आणि यू लहान; दुसरीतही एस मोठा आहे:

पॅकमॅन -एसवाययू
पॅकमॅन -एस मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी

मिंगडब्ल्यू हे एम, आय, एन, जी, डब्ल्यू या पाच अक्षरांचे नाव आहे आणि दोन आकड्यांमधली खूण अधोरेषेची आहे, डॅशची नाही. पहिल्या आज्ञेनंतर खिडकी स्वतःहून बंद झाली तर घाबरू नये. ती पुन्हा उघडून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. भारनियमनात मध्येच वीज गेल्यावर पॅकमॅन (एमसिसमध्ये पॅकेजे बसवणारा प्रोग्रॅम) 'डेटाबेसला कुलूप लावता येत नाही' अशा अर्थाची तक्रार करतो. एमसिस६४ फोल्डरच्या आत व्हार, लिब, पॅकमॅन या क्रमाने गेल्यावर सापडणारी डीबी.एलसीके ही फाइल काढून टाकली की ती तक्रार मिटते.

कमांड प्रॉम्प्टमधूनही जीसीसी वापरायची असेल, तर एमसिस६४ मधील यूसीआरटी६४ फोल्डरच्या बिन या उपफोल्डरचा पत्ता विंडोजच्या पाथमध्ये, म्हणजे आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत, घालावा. त्यानंतर नवीन कमांड प्रॉम्प्ट उघडून 'व्हेअर जीसीसी' असे विचारावे. उत्तरात दोन पत्ते आले, तर यंत्रावर पूर्वी कोडब्लॉक्स किंवा डेव्ह-सी++ बरोबर आलेली जुनी जीसीसी अजून आहे असे समजावे आणि नवा पत्ता यादीत वर आणावा. ही तपासणी टाळू नये. 'लिबगॉम्प.स्पेक ही फाइल सापडत नाही' असा जो संदेश अनेकांना दिसतो, तो बहुधा अशाच जुन्या, ओपनएमपीशिवाय बांधलेल्या कंपायलरकडून येतो.

एका यंत्रावर बसवलेले पूर्ण एमसिस६४ फोल्डर पेन ड्राइव्हने दुसऱ्या यंत्रावर त्याच पत्त्यावर नेले आणि त्यातील यूसीआरटी६४ नावाची एक्सई फाइल थेट चालवली, तरी काम होते. मित्रमंडळींत एकानेच डेटा खर्च करावा, हे बरे.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओमध्येही ओपनएमपी आहे, परंतु त्याचा नेहमीचा पर्याय २००२ सालच्या २.० मानकापुरताच आहे. क्लँग हा दुसरा कंपायलर वापरणाऱ्यांनी उबुंटूवर लिबओएमपी-डेव्ह हे वेगळे पॅकेज घ्यावे.

पहिली तपासणी

पहिला प्रोग्रॅम अगदी लहान असावा. एसटीडीआयओ.एच आणि ओएमपी.एच या दोन शीर्षक फायली समाविष्ट कराव्यात, आणि मुख्य फलनात '#प्रॅग्मा ओएमपी पॅरलल' ही कंपायलरला सूचना देणारी ओळ लिहून तिच्या खालच्या महिरपी कंसात एकच प्रिंटएफ ठेवावे, जे ओएमपी_गेट_थ्रेड_नम आणि ओएमपी_गेट_नम_थ्रेड्स या दोन फलनांची मूल्ये छापेल. महिरपी कंस प्रॅग्माच्या ओळीवर न उघडता त्याच्या खालच्या ओळीवर उघडावा. हा बारीक नियम मोडल्यास कंपायलर चूक दाखवतो. फाइलला पहिला.सी असे नाव इंग्रजी अक्षरांत देऊन ती अशी कंपाइल करावी:

जीसीसी -ओ२ -वॉल -एफओपनएमपी पहिला.सी -ओ पहिला

यातील पहिल्या पर्यायात ओ हे मोठे अक्षर आहे, शून्य नव्हे. वॉलमधला डब्ल्यू मोठा आहे. शेवटचा ओ लहान आहे. एफओपनएमपीमध्ये एफ, ओपन आणि एमपी यांच्यामध्ये कुठेही जागा सोडायची नाही. लिनक्सवर आणि एमसिसच्या खिडकीत './पहिला' असे लिहून तो चालवावा. लॉजिकल प्रोसेसर चार असतील तर शून्य ते तीन क्रमांकांच्या चार ओळी दिसतील. त्यांचा क्रम दर वेळी बदलेल, आणि तो बदलणे हेच काम खरोखर वाटले गेल्याचे लक्षण आहे.

आता मुद्दाम तोच प्रोग्रॅम एफओपनएमपी न लिहिता कंपाइल करावा. वॉल असल्यामुळे प्रॅग्मा दुर्लक्षिल्याचा इशारा मिळेल, आणि ओएमपीची फलने सापडत नसल्याने जोडणीच्या वेळी 'अनडिफाइन्ड रेफरन्स' अशी चूक येईल. हे दोन्ही संदेश एकदा डोळ्यांखालून गेले की पुढे कधी दिसल्यास कारण लगेच ओळखता येते. प्रोग्रॅममध्ये ओएमपीचे एकही फलन नसते आणि वॉलही लिहिलेले नसते, तर एकही संदेश आला नसता.

विंडोजवर प्रोग्रॅम चालवताना 'लिबगॉम्प-१.डीएलएल सापडत नाही' असे आले, तर पाथमध्ये बिनचा पत्ता घालायचा राहिला आहे. दुसऱ्याला द्यायचा प्रोग्रॅम असेल तर '-स्टॅटिक' हा पर्याय जोडून कंपाइल करावा, म्हणजे डीएलएल सोबत द्यावी लागत नाही.

दुसरी तपासणी: उत्तर माहीत असलेले काम

थ्रेड दिसले म्हणजे काम बरोबर होते असे नाही. त्यासाठी ज्याचे उत्तर आधीच पक्के माहीत आहे असे गणित घ्यावे. एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्या मोजणे हे या कामी उत्तम आहे, कारण त्या नेमक्या ६,६४,५७९ आहेत, आणि एकानेही फरक पडला तर तो लपत नाही.

एक फलन असे लिहावे की दिलेली संख्या सम असेल तर ती दोन आहे की नाही एवढेच ते सांगेल, आणि विषम असेल तर तिला तीन, पाच, सात अशा विषम संख्यांनी, भाजकाचा वर्ग त्या संख्येपेक्षा मोठा होईपर्यंत भागून पाहील. मुख्य फलनात दोनपासून एक कोटीपर्यंत फॉर चक्र चालवावे आणि मूळ संख्या सापडली की 'मोजणी' या चलात एक मिळवावा. चक्राच्या आधी आणि नंतर ओएमपी_गेट_डब्ल्यूटाइम घेऊन दोन्हींतील फरक छापावा. वेळेसाठी सीचे क्लॉक हे जुने फलन वापरू नये, कारण लिनक्सवर ते सर्व थ्रेडनी खर्च केलेल्या वेळेची बेरीज देते, आणि प्रोग्रॅम दुप्पट वेगाने संपला तरी आकडा तेवढाच दिसतो. समांतर प्रोग्रॅमचा काही फायदा होत नाही अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा या एका फलनात असते.

आधी हे चक्र प्रॅग्माशिवाय चालवून वेळ आणि उत्तर लिहून ठेवावे. नंतर चक्राच्या वर '#प्रॅग्मा ओएमपी पॅरलल फॉर' एवढेच लिहून पुन्हा चालवावे. वेळ कमी होईल, पण उत्तर कधी बरोबर तर कधी थोडेसे कमी येईल. दोन थ्रेड एकाच क्षणी मोजणीचे जुने मूल्य वाचतात, दोघेही त्यात एक मिळवून परत लिहितात, आणि दोन संख्या सापडूनही मोजणी एकानेच वाढते. या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वाढीच्या मध्ये बरेच भागाकार होत असल्याने असा प्रसंग क्वचितच येतो, आणि म्हणूनच ही चूक फसवी आहे: एकदा चालवून उत्तर बरोबर आले म्हणून प्रोग्रॅम बरोबर आहे असे समजणारा इथे फसतो.

उपाय म्हणजे ओळ अशी लिहावी:

#प्रॅग्मा ओएमपी पॅरलल फॉर रिडक्शन(+:मोजणी)

आता प्रत्येक थ्रेडला मोजणीची स्वतःची प्रत मिळते आणि चक्र संपल्यावर सर्व प्रतींची बेरीज होते. कितीही वेळा चालवले तरी ६,६४,५७९ हेच उत्तर यायला हवे. बेरीज दशांश संख्यांची असेल, तर थ्रेडांची संख्या बदलल्यावर शेवटच्या एखाद्या अंकात फरक पडू शकतो. तो मिळवणीचा क्रम बदलल्याने येतो आणि त्याला चूक मानू नये.

कामाची वाटणी

काहीच न सांगितल्यास जीसीसी एक कोटीचे सलग सारखे तुकडे करून थ्रेडांना देते. परंतु मोठी संख्या तपासायला लहान संख्येपेक्षा जास्त भागाकार लागतात, त्यामुळे चार थ्रेड असतील तर पहिल्याला मिळालेले काम शेवटच्याच्या निम्म्याहूनही कमी असते. पऱ्हाटीत वेचणीला आलेल्या चौघींना सकाळीच सारख्या रुंदीच्या पाती ठरवून दिल्या आणि एकीच्या पातीत बोंडे जास्त फुटलेली निघाली, तर बाकीच्या तिघी आपली पात संपवून धुऱ्यावर वाट पाहत बसतात, तसा हा प्रकार आहे. ज्याचे काम संपले त्याने पुढचा तुकडा घ्यावा, अशी वाटणी करण्यासाठी त्याच ओळीत 'शेड्यूल(डायनॅमिक,१०००)' हे शब्द जोडावेत. हजाराऐवजी एक लिहिल्यास दर संख्येमागे पुढचे काम मागण्याचा खर्च वाढतो.

'शेड्यूल(स्टॅटिक,१)' हा पर्यायही एकदा करून पाहण्यासारखा आहे. त्यात संख्या थ्रेडांना आळीपाळीने मिळतात, आणि वरवर पाहता ही वाटणी सर्वांत न्याय्य वाटते. पण थ्रेड चार असतील तर दोघांच्या वाट्याला सर्व सम संख्या येतात, ज्या एका क्षणात निकालात निघतात, आणि सगळी मेहनत उरलेल्या दोघांवर पडते. प्रत्यक्ष चार कोअर असूनही वेग दुपटीच्या आसपासच अडकतो.

वेळ मोजताना

थ्रेडांची संख्या प्रोग्रॅम न बदलता ठरवता येते. लिनक्सवर आणि एमसिसमध्ये 'एक्स्पोर्ट ओएमपी_नम_थ्रेड्स=२', कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सेट ओएमपी_नम_थ्रेड्स=२' असे लिहावे; ओएमपीपासून थ्रेड्सपर्यंतची अक्षरे मोठी. एक, दोन, चार असे आकडे देत वेळा वहीत उतरवाव्यात, आणि प्रत्येक आकड्यासाठी तीन वेळा चालवून सर्वांत कमी वेळ धरावा.

लॅपटॉप चार्जरवर असताना आणि बॅटरीवर असताना प्रोसेसरचा वेग वेगळा असतो, म्हणून वीज गेल्यावर घेतलेल्या वेळांची आधीच्या वेळांशी तुलना करू नये. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारी चारही थ्रेड चालवल्यास प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. चार थ्रेडांना दोन थ्रेडांइतकाच वेळ लागला, तर प्रोग्रॅमला दोष देण्याआधी तेच सकाळी लवकर पुन्हा मोजून पाहावे. थंड यंत्रावरही एक थ्रेड चालताना प्रोसेसर जितका वेग घेतो तितका तो सर्व थ्रेड चालताना घेत नाही.

प्रोग्रॅमचा जो भाग वाटता येत नाही तो वेगाची मर्यादा ठरवतो, हे जीन ऍमडाल यांनी १९६७ साली मांडले. एकूण वेळेचा दहा टक्के भाग असा असेल, तर चार कोअरवर जास्तीत जास्त सुमारे ३.१ पट वेग मिळतो, आणि कितीही कोअर जोडले तरी तो दहापटीच्या पुढे जात नाही.

दोन यंत्रे जोडायची असल्यास

ओपनएमपी एकाच संगणकाच्या सामाईक स्मृतीवर चालते. प्रयोगशाळेतील अनेक संगणक एकत्र लावायचे असतील तर एमपीआय लागते, जिचे पहिले मानक १९९४ सालचे आहे आणि जिच्यात प्रत्येक प्रक्रिया आपली स्मृती वेगळी ठेवून इतरांशी संदेशांनी बोलते. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ साली उभा केलेला परम ८००० हा महासंगणकही स्वतंत्र स्मृती असलेल्या प्रोसेसरांच्या अशाच देवाणघेवाणीवर चालत असे.

एमपीआयची सवय एकाच यंत्रावरही करता येते. उबुंटूवर ओपनएमपीआय-बिन आणि लिबओपनएमपीआय-डेव्ह ही दोन पॅकेजे ऍप्टने बसवावीत, जीसीसीच्या जागी एमपीआयसीसी या आज्ञेने प्रोग्रॅम कंपाइल करावा आणि 'एमपीआयरन -एनपी २ ./प्रोग्रॅम' असा चालवावा. एनपीपुढे प्रत्यक्ष कोअरपेक्षा मोठा आकडा दिल्यास 'पुरेसे स्लॉट नाहीत' असा नकार मिळतो. शिकण्यापुरते '--ओव्हरसबस्क्राइब' हा पर्याय जोडून तो ओलांडता येतो, मात्र त्या वेळी मोजलेली वेळ कशाशीही ताडून पाहू नये.